त्या बाळाचा बाप कोठे होता?

दिवाळीच्या फराळाबरोबर एका जुन्या, तिखट पुस्तकाची आठवण काढतो, वाचकांनी राग मानू नये. पुस्तक आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे: 'स्त्री-पुरुष तुलना'. १८८२ साली पुण्यास छापलेले.

निमित्त सुरतेच्या खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेने लोकलज्जेपायी आपले नवजात मूल मारले. १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीलाच नावे ठेवली गेली, तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलली. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे येथल्याच सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते.

मी जेमतेम मॅट्रिक. कायद्यातले मला कळत नाही. पण कादंबऱ्या लिहिता लिहिता एक खोड लागली आहे: प्रसंगात कोण आहे यापेक्षा कोण नाही, ते आधी पाहावयाचे. नववीच्या वर्गात ही हकीकत सांगितली, तेव्हा एका मुलीने तेच विचारले, "सर, त्या बाळाचा बाप कोठे होता?" मला उत्तर सुचेना. ताराबाईंच्या साऱ्या संतापाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

इंग्रजी राज्याने १८५६ सालीच विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली होती. समाजाने ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. कायदा कागदावर राहिला, रूढी घरात राहिली. आणि दोहोंच्या मध्ये सापडलेल्या बाईस पिंजऱ्यात उभे केले गेले. मूल मारणे हा गुन्हाच. तो पुसता येत नाही. परंतु जबाबदारी दोघांची आणि शिक्षा एकीला, यास निवाडा म्हणता येईल. न्याय म्हणवत नाही.

पुस्तकात उणिवा आहेत. मुद्दे एकमेकांत घुसतात, राग आवरत नाही. पण भाषा ओसरीवरची, रोखठोक आहे. जोतीराव फुल्यांनी पाठराखण केली. पुढे पुस्तक विसरले गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले.

तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आले. तेथेही आरोपी बाईच, आमच्याच पेशातली बेणारेबाई. आणि प्रोफेसर दामले शेवटपर्यंत येतच नाहीत. पंचाऐंशी वर्षांनीही खुर्ची रिकामीच!

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. सुट्टी संपली की ताराबाईंचे पुस्तकच तिच्या हाती देणार आहे.