तानापिहिनिपा... जा!

आम्ही इंद्रलोकात राहतो. दचकू नका, भाईंदर पूर्वेच्या! इथं ऐरावत नाही, रिक्षा आहे; तीही मिळाली तर.

परवा नातीनं विचारलं, "आजोबा, तानापिहिनिपाजातला 'पा' कसा असतो?"

"पारवा. कबुतरासारखा," मी ऐटीत म्हणालो.

तिनं खिडकीतल्या कबुतराकडे पाहिलं. "हा तर करडा! इंद्रधनुष्यात करडा असतो?"

चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाची विकेट पडली. निमूटपणे पुस्तकांचं कपाट उघडलं. निळ्याची नुसती चंगळ! संतांचा कृष्ण निळा, कवींचं आकाश निळं, कादंबरीतला समुद्रही निळाच. परटानं सगळे कपडे एकाच नीळ घातलेल्या बादलीत बुचकळावेत, तसं. जी. एं.नी मात्र १९५९च्या संग्रहाला 'निळासावळा' म्हटलं. एका 'सावळ्या'नं निळ्याला केवढी खोली आली! बालकवींचा 'पारवा' सापडला, पण तो पक्षी निघाला, तोही उदास.

गंमत म्हणजे न्यूटननं मोजलेला 'इंडिगो' हा आपल्याच निळीचा रंग. त्या नावातच हिंदुस्थान आहे. आपण त्याला पारव्याचं नाव दिलं, पाठ केलं आणि लिहिताना विसरलो. मीसुद्धा!

सकाळी कबुतर गॅलरीत आलं. मी झाडू उचलला. तेवढ्यात त्यानं उन्हात मान वळवली. मानेवर निळसर-जांभळी झाक चमकून गेली.

"आजोबा, 'पा' सापडला!"

एरवी मी त्याला 'जा' म्हणतो. त्या दिवशी 'पा'पाशीच थांबलो.