क्लिंगॉनमधील नामपदबंध आणि भाषांतरकाराची कसोटी

मार्क ओक्रांड यांनी ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेचा कोश व व्याकरण १९८५ साली प्रसिद्ध झाले. तीत इंग्रजी मजकूर उतरविणे हा केवळ शब्दसंग्रहाचा प्रश्न आहे, असा समज आढळतो. परंतु खरी अडचण शब्दांच्या उणिवेपेक्षा नामपदबंधाच्या रचनेत आहे.

आरंभी मराठी वाचकास ही भाषा ओळखीची वाटते. ‘जाग़ नुख़’ म्हणजे ‘शत्रूचे शस्त्र’. येथे मराठीप्रमाणेच स्वामी आधी व स्वत्व नंतर येते. मात्र षष्ठीचा प्रत्यय नाही. विशेषण हा स्वतंत्र शब्दवर्गही नाही. ‘मोठे असणे’ या अर्थाचे क्रियापद नामानंतर येऊन विशेषणाचे कार्य करते. ‘वेंग तिन’ म्हणजे ‘मोठे शहर’. आणि ‘मोठ्या शहरात’ म्हणताना अधिकरणाचा ‘डाक़’ हा प्रत्यय नामास न लागता त्या क्रियापदास लागतो : ‘वेंग तिनडाक़’.

कसोटी लागते ती ‘शहरातील अधिकारी’ यासारख्या पदबंधात. इंग्रजीत शब्दयोगी अव्ययाने हे साधते. मराठी ‘शहरात’ या रूपास ‘-ईल’ जोडून त्याचे विशेषण करते. क्लिंगॉनमध्ये अशी सोय नाही. दोन नामांच्या जोडणीत कारकार्थी प्रत्यय केवळ दुसऱ्या नामास लागू शकतो. म्हणून ‘वेंगडाक़ याष’ हा पदबंध म्हणून अशुद्ध ठरतो. मराठी क्रमाशी तो जुळतो, आणि म्हणूनच तो मराठी भाषांतरकारास अधिक फसवितो.

शुद्ध मार्ग संबंधी वाक्याचा. ‘वेंगडाक़ षुवबोग़ याष’ म्हणजे ‘शहरात लढणारा अधिकारी’. परंतु मूळ पदबंधात लढण्याचा उल्लेख कोठे आहे? नुसते अस्तित्व सांगावयाचे असल्यास सर्वनामासच क्रियापदाचे कार्य देता येते, हे खरे. तथापि तेथेही पदबंधाचे विधान होणे टळत नाही. इंग्रजी जे अध्याहृत ठेवते, ते क्लिंगॉन उच्चारावयास लावते.

तेव्हा अधिकारी तेथे लढतो, राहतो की केवळ आहे, याचा निर्णय संदर्भ पाहूनच घ्यावा लागतो. संदर्भ मूक असता सोयीचे क्रियापद योजणे म्हणजे मूळ लेखकाच्या मुखी नवे विधान घालणे होय. असे भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अप्रामाणिक ठरू शकते. कृत्रिम भाषेच्या अभ्यासाचे मोल येथेच आहे. स्वभाषेत सवयीने झाकलेला अर्थाचा सांधा ती उघडा करून दाखविते.