मांडणशिल्प

विविध वस्तू व माध्यमे प्रत्यक्ष अवकाशात हेतुपूर्वक मांडून साधलेली कलाकृती. प्रेक्षक तिच्यात वावरतो व त्याच्या हालचालीनेच तिचा अर्थ पूर्ण होतो. भारतात १९९० च्या दशकात विवान सुंदरम्, नलिनी मलानी प्रभृतींनी हा प्रकार रुजविला.

मुंबईच्या उपनगरांतील याचे लक्षणीय उदाहरण म्हणजे अंधेरी (पूर्व) भागातील सहार विमानतळाच्या टर्मिनल २ मधील ‘जय हे’ हा कलाप्रकल्प (२०१४). राजीव सेठी यांच्या संयोजनाखाली सुमारे ३ किमी. लांबीच्या भिंतीवर लोककारागिरांच्या व आधुनिक कलावंतांच्या कृती एकत्र मांडण्यात आल्या. मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेले स्तंभ आणि छताची भौमितिक रचना यांमुळे वास्तूही या मांडणीत सहभागी होते.

तथापि विमान गाठण्याच्या घाईत प्रवाशाच्या दृष्टीस तिचे तुकडेच पडतात. विधी व गाव यांच्या संदर्भातून सुटलेली लोककृती येथे केवळ सजावट ठरण्याचा धोका संभवतो. शिवाय तपासणीपलीकडील भाग तिकीट नसलेल्या उपनगरवासीयाला पाहता येत नाही. रेल्वेस्थानकासारख्या सर्वांच्या वावराच्या जागी अशी मांडणी झाल्यास या कलाप्रकाराचे सामाजिक प्रयोजन अधिक सफल होईल.