रुपयाचा हिशेब आणि प्राध्यापकांचे ज्ञानदान

व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपले संशोधन लोकांपर्यंत नेले पाहिजे, अशी भाषा अलीकडे चर्चासत्रांतून वारंवार ऐकू येते. त्यासाठी जो शब्द सर्रास वापरला जातो तो म्हणजे 'ज्ञानदान'. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो आणि हा शब्द मला दर वेळी खटकतो. दान देणारा वर उभा असतो, घेणारा खाली ओंजळ धरतो. ज्यांच्या ओंजळीत पिढ्यानपिढ्या वरूनच पाणी ओतले गेले, त्यांना या शब्दातला उंचसखलपणा समजावून सांगावा लागत नाही.

वाणिज्याच्या प्राध्यापकाने लोकांशी बोलायचे कसे, याचा आपल्याकडचा दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये, असे काही सहकाऱ्यांना वाटत होते. असा हा विद्वानांचा मेळा! ती नोकरी चालू असतानाच ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे लागले, लेखणी बाबासाहेबांची होती. वर्गात इंग्रजीतून अर्थशास्त्र शिकवणारा माणूस आपल्या माणसांसाठी मराठीत पाक्षिक चालवतो, यात त्याला कुठे दान केल्यासारखे वाटले असेल असे मला वाटत नाही.

पण एवढे सांगून थांबणे म्हणजे फोटोला हार घालणे. त्यांच्या संशोधनाचे पुढे काय झाले, हे पाहिले पाहिजे. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्यावर राबणारी माणसे, बैल, अवजारे, भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण काय पडते यावरून ठरते, असे त्यात मांडले. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे लोंबकळत आहेत, त्यांना उद्योगधंद्यात काम मिळाल्याखेरीज तुकडे जोडून काही साधणार नाही, हा त्याचा गाभा. विद्वानांच्या नियतकालिकातला हा निबंध तिथेच पडून राहिला असता. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात जमिनीचे तुकडे रोखणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी हाच युक्तिवाद घेऊन त्याला विरोध केला. लहान शेतकऱ्याला जमिनीवरून उठवून भूमिहीन करणारा कायदा त्यांना नको होता. पुढे १९५९ साली आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. निबंध, कायदेमंडळ, तुरुंग असा हा प्रवास आहे. संशोधन लोकांपर्यंत जाते ते असे.

दुसरा दाखला रुपयाचा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. आपल्या कितीतरी घरांना तो भोंगा ठाऊक आहे. नोट छापणारे हात आपल्या जिल्ह्याचे. मात्र त्या नोटेची किंमत कोण ठरवतो आणि ती घसरली की कोणाचे फावते, हा विषय आपण पांढरपेशांवर सोडून दिला. बाबासाहेबांनी तो सोडला नव्हता. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयावरील ग्रंथात त्यांनी एक भ्रम फोडला. रुपया घसरला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असे तेव्हाही म्हटले जाई. हा फायदा परदेशातून येत नाही, देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो, असे त्यांनी दाखवले. भाव वाढतात, मजुरी मागे राहते, आणि मधला फरक व्यापाऱ्याचा नफा होतो. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्षही दिली.

आज दिंडोरी-निफाडची द्राक्षे परदेशी जातात. रुपया उतरला की निर्यातदार सुखावतो. बागेत छाटणीला आणि विरळणीला येणाऱ्या बाईची मजुरी डॉलरच्या दराने वाढत नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते, त्यामुळे तिच्या घरच्या तेलाची किंमत मात्र वाढते. शंभर वर्षांपूर्वीचा हा मुद्दा द्राक्षाच्या मांडवाखाली बसून दहा मिनिटांत सांगता येतो. मी सांगून पाहिला आहे. बायकांना तो माझ्या पदवीच्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळला.

आता आजच्या प्राध्यापकांकडे वळतो. ते काही लिहीतच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलशी संबंधित असलेल्या लक्ष्मी अय्यर आणि तरुण खन्ना यांनी आशुतोष वार्ष्णेय यांच्यासह जात आणि उद्योजकता यावर निबंध लिहिला. तो २०१३ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. २००५ च्या आर्थिक गणनेनुसार लोकसंख्येत १६.४ टक्के असलेल्या अनुसूचित जातींकडे उद्योगांची मालकी फक्त ९.८ टक्के होती. १९९० पासूनच्या पंधरा वर्षांत हे अंतर किरकोळच घटले. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे शिक्षणातला किंवा साधनसंपत्तीतला ढोबळ फरक दाखवून त्याचा उलगडा होत नाही. 'तुमची मुले शिकली की आपोआप पुढे येतील' हे ऐकत आपण म्हातारे झालो. त्याला दिलेले हे आकड्यांतले उत्तर आहे. त्याच साप्ताहिकात २०१२ साली डी. अजित, हान डोंकर आणि रवी सक्सेना यांनी देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे आडनावांवरून तपासली. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे, अनुसूचित जाती-जमातींचे ३.५ टक्के. आडनावावरून जात ओळखण्याची ही पद्धत नाशिकच्या घरमालकांना फार आधीपासून अवगत आहे, हे जाता जाता नोंदवतो.

हे काम मोलाचे आहे. माझी तक्रार ते थांबते कुठे याविषयी आहे. वर्तमानपत्रात एक दिवस बातमी येते आणि विषय मिटतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा मागणाऱ्या, बँकेच्या पायऱ्या झिजवणाऱ्या तरुणाच्या हाती तो निबंध पडत नाही. बढतीच्या हिशेबात इंग्रजी नियतकालिकाला किंमत आहे, मराठी अंकाला जवळजवळ नाही. मग प्राध्यापक कशाला शाई वाया घालवतील? मराठीत हा विषय मांडता येत नाही, ही सबब तर नाशिकमध्ये कोणी देऊच नये. १९८९ साली स्थापन झालेले याच शहरातले मुक्त विद्यापीठ वाणिज्याची पुस्तके मराठीत काढत आले आहे.

चूक आपल्याही बाजूला आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा आपण पाठ केली, ती केलीच पाहिजे. पण रुपयावरचा ग्रंथ किती कार्यकर्त्यांनी उघडला? आपल्या अभ्यासवर्गांत कवितेला तीन तास आणि अर्थकारणाला चहाच्या सुट्टीआधीची वीस मिनिटे, हे प्रमाण मी अनेक वर्षे पाहतो आहे.

गेल्या वर्षी त्या उद्योजकतेच्या निबंधाचा सारांश मराठीत करून मी वर्गात वाटला. मागच्या बाकावरचा, सिन्नरहून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला. "सर, ही गणना करायला माझे वडील गेले होते. दुकानादुकानांत मालकाची जात विचारून फॉर्म भरायचे. त्या फॉर्मांचे पुढे काय झाले, ते आम्हांला कोणी सांगितलेच नाही." तो सारांशाची आणखी एक प्रत मागून घरी घेऊन गेला.