आकाशकंदिलातला कंदील

दिवाळीत मलकापूरपासून कऱ्हाडपर्यंत दारोदार आकाशकंदील लागतात. या शब्दातले आकाश संस्कृत आहे, कंदील अरबी. तरी हा जोडशब्द मोडावा असे कुणाला वाटत नाही. मात्र मराठीतल्या फारसी-अरबी शब्दांचा विषय निघाला, की ते मोगलांच्या तलवारीबरोबर आले आणि म्हणून हाकलले पाहिजेत, असे पुष्कळदा बोलले जाते. हे मत जरा पारखून घ्यावे.

‘उर्दू’ हा मूळचा तुर्की शब्द. त्याचा अर्थ छावणी. औरंगजेबाची छावणी १७०० साली साताऱ्याच्या किल्ल्याखाली पडली होती, हे खरेच. परंतु आपल्याकडचे असे बहुतेक शब्द त्याच्या कितीतरी आधी बहमनी आणि आदिलशाही दफ्तरांतल्या फारसीतून आले. १५९९ साली समाधिस्थ झालेल्या एकनाथांनी जिवाचे गाऱ्हाणे धन्यापुढे मांडण्यासाठी ‘अर्जदस्त’ हा दरबारी घाट बेधडक वापरला. त्यांच्या भक्तीला त्याने काही विटाळ झाला नाही.

शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. सचिव, अमात्य, सेनापती ही नावे रुजली, कारण स्वतंत्र राज्याला स्वतःची प्रतिष्ठा हवी होती. पण मलकापूरच्या शेतकऱ्याच्या तोंडची जमीन, तालुका, जिल्हा, वकील जागच्या जागी राहिले. पदव्या आज्ञेने बदलतात. रोजच्या वापरातला शब्द आज्ञा ऐकत नाही.

माधव जूलियनांच्या लेखनात हाच पेच दिसतो. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला, १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ दिली, आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परक्या शब्दांविरुद्ध बाजू मांडली. आळसाने उसना शब्द घेऊ नये, हा त्यांचा इशारा आजही मोलाचा आहे. तथापि त्यांच्या विचारापेक्षा त्यांची गझल मला अधिक पटते. फारसी वृत्तांचा ताल मराठीत आला आणि आपल्या कवितेला एक नवी वाट मिळाली.

शिवाय ही देवघेव एकतर्फी नव्हती. विजापूरकडे वाढलेल्या दखनीने आपले ‘नको’ घेऊन त्याचे ‘नक्को’ केले. जोर देणारा ‘च’सुद्धा घेतला. औरंगाबादच्या वलीचे काव्य १७२० च्या सुमारास दिल्लीत पोचले, तेव्हा फारसीत रमलेल्या तिथल्या कवींना आपल्या बोलीतही कविता साधते हे उमगले. दिल्लीच्या उर्दू काव्याला चालना मिळाली ती दख्खनच्या मातीतून.

म्हणून शब्दाची जात विचारण्यापेक्षा त्याचे काम पाहावे. शेजारच्या घरातले मूल ‘नक्को’ म्हणते, तेव्हा ते परकी भाषा बोलत नसते. आपलाच एक शब्द चार शतके जपून ठेवून ते आपल्याला ऐकवत असते.