अप्पासाहेब भोसले भित्रे होते काय?

सीताबर्डीच्या पराभवानंतर (२६-२७ नोव्हेंबर १८१७) नागपूरकर अप्पासाहेब भोसले १६ डिसेंबरला रेसिडेंटाच्या स्वाधीन झाले. तेवढ्यावरून त्यांस भित्रे म्हणणें सोपें आहे. परंतु तेंच अप्पासाहेब १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या पहाऱ्यांतून निसटले व महादेवाच्या डोंगरांत जाऊन पुन्हा झगडूं लागले. अशा पुरुषास जिवाचें भय होतें, असें कसें म्हणावें?

आमच्या मतें उणीव होती ती निश्चयाची. धनी शत्रूच्या छावणींत असतांही नागपुरांतील अरबांनीं २४ डिसेंबरचा इंग्रजी हल्ला परतविला. पुढें भंडाऱ्याच्या मुलखांतील (आज गोंदिया जिल्ह्यांतील) कामठ्याच्या चिमणा पाटलानें धन्याच्या नांवानें शस्त्र उचललें. त्याचाही पाडाव झाला. अप्पासाहेब मात्र १८४० पर्यंत जगले व जोधपुरास वारले.

सेनानायकाचें धैर्य केवळ त्याच्या तलवारीवरून ठरवूं नये. आपल्या भरंवशावर उठलेल्यांस ‘लढा’ किंवा ‘थांबा’ हें वेळेवर व स्पष्ट सांगण्याची छाती त्यास होती काय, हें इतिहासकारानें आधीं विचारावें. या कसोटीस अप्पासाहेब उतरत नाहींत; चिमणा पाटलासारखा सामान्य जमीनदार मात्र आपल्यापुरता उतरतो.