कल्पनेतील तलवार आणि लोहाराचे इमान

तलवार रणांगणावरून निवृत्त झाली, त्याला आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही तलवारी घडवणाऱ्यांची भट्टी विझलेली नाही. गेल्या चार दशकांत अमेरिका, न्यूझीलंड, इंग्लंड अशा देशांतील लहान, स्वतंत्र कारागिरांनी या जुन्या व्यवसायाला एक वेगळेच वळण दिले आहे. ते तलवारी घडवतात त्या कोणत्याही इतिहासातील राजाच्या नव्हेत. कादंबरीतल्या, चित्रपटातल्या, जपानी चित्रकथेतल्या किंवा संगणकीय खेळातल्या अद्भुत वीरांच्या. हा सारा पोरखेळ आहे असे म्हणून या वस्तूंकडे पाठ फिरवणे सोपे आहे. परंतु ज्या वस्तूमागे कारागिराचे महिनोन् महिने आणि घेणाऱ्याची मोठी हौस खर्ची पडते, तिचे परीक्षण कलावस्तू म्हणूनच झाले पाहिजे. आणि तसे करू जाता पहिलाच प्रश्न बिकट आहे : जी वस्तू कधी अस्तित्वातच नव्हती, तिची प्रतिकृती खरी की खोटी हे ठरवायचे कशावरून?

याचे उत्तर शोधताना खऱ्या तलवारीचा धर्म आधी ध्यानात घ्यावा लागतो. मध्ययुगीन युरोपातील एकहाती तलवार साधारणपणे एक ते दीड किलो वजनाची असे. दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवारही बहुधा तीन-साडेतीन किलोंच्या आत राही. तिचे पाते मुठीपाशी जाड आणि अग्राकडे क्रमाक्रमाने पातळ होत जाई. मधून काढलेल्या पन्हळीने वजन घटे, पण ताठपणा टिके. पात्याचेच पोलाद मुठीतून शेवटपर्यंत गेलेले असे. आणि या सर्वांच्या मुळाशी होते ते पाणी देण्याचे कसब. लाल तापलेले पाते विझवून कठीण करायचे आणि पुन्हा बेताची ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा घालवायचा, यातच लोहाराची कसोटी. आपल्या भाषेने ‘पाणीदार’ हे विशेषण माणसालाही दिले, ते उगीच नव्हे. जे कठीण असून मोडत नाही आणि वाकले तरी सरळ होते, ते पाणीदार.

आता भिंतीवर टांगण्यासाठी कारखान्यात निघणाऱ्या स्वस्त तलवारींकडे पाहावे. त्यांवर पंखांसारखे काटे असतात, कवट्या असतात, सर्पांची वेटोळी असतात. नाही ती फक्त तलवार. पाते स्टेनलेस पोलादाचे असते. सुरीसाठी हा धातू उत्तम, पण एवढ्या लांबीच्या पात्यात तो आघाताने मोडण्याची भीती असते. मुठीच्या आत बहुधा आट्यांची सळई पात्याला डाख देऊन जोडलेली असते. उत्साहाच्या भरात एखाद्या मुलाने अशी तलवार जोराने फिरवली, तर पाते मुठीतून सुटून जवळच्या माणसाला लागू शकते. ही वस्तू केवळ अभिरुचीच्या दृष्टीने नव्हे, तर नीतीच्या दृष्टीनेही सदोष आहे, असे मला वाटते. कारण ती आपले दुबळेपण अलंकाराखाली झाकते.

याच्या दुसऱ्या टोकाला वेलिंग्टनच्या पीटर लायन या कारागिराचे काम आहे. २००१ ते २००३ या वर्षांत पडद्यावर आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटत्रयीसाठी वेटा वर्कशॉप या संस्थेत त्याने पोलादी तलवारी घडवल्या. त्यांच्या संकल्पनेमागे ॲलन ली आणि जॉन हौ या दोन चित्रकारांची दृष्टी होती. हौ हे स्वतः मध्ययुगीन जीवनाचे हौशी अभ्यासक, आणि ते ज्ञान या शस्त्रांत उतरलेले दिसते. माणसांच्या तलवारी सरळ व संयत आहेत. एल्फ लोकांच्या पात्यांना वेलीसारखा बाक आहे. उरुक-हाय या क्रूर जमातीची तलवार म्हणजे टोकाला आकडा असलेली लोखंडाची ओबडधोबड पट्टी. शस्त्र पाहावे आणि ते घडवणाऱ्या समाजाचे मन ओळखावे, इतकी ही योजना नेमकी आहे. अ‍ॅरागॉर्नची तलवार तर सर्वांत साधी. लांब मूठ, सरळ परज, निमुळते पाते. तिची महती कोरीवकामात नाही, कथेत आहे : ती मोडलेली होती आणि पुन्हा सांधली गेली. तिच्यावर एखादा पंख वा एखादी कवटी बसवली असती, तर ही महती नाहीशी झाली असती. मूळ कादंबरीत अ‍ॅरागॉर्न हे तुकडे स्वतःजवळ बाळगतो आणि प्रवास सुरू होण्यापूर्वीच तलवार नव्याने घडवली जाते. चित्रपटाने हा प्रसंग तिसऱ्या भागापर्यंत लांबवला. नाट्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे असले, तरी मोडके शस्त्र कमरेला बाळगून हिंडणाऱ्या राजपुत्राची धीरोदात्तता त्यात काहीशी उणावली, हे नमूद केले पाहिजे.

याहून वेगळा मासला १९८२ च्या ‘कॉनन द बार्बेरियन’ या जॉन मिलियस दिग्दर्शित चित्रपटाचा. त्यातील तलवारींचे आराखडे रॉन कॉब यांचे आणि घडण जोडी सॅमसन या अमेरिकन कारागिराची. चित्रपटाच्या आरंभी वितळलेले पोलाद साच्यात ओतताना दाखवले आहे. दृश्य भव्य आहे, पण तलवार अशी होत नाही. ओतीव पोलादाला तलवारीचे पाणी चढत नाही. सॅमसनच्या हातची तलवार मात्र या दृश्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. ती खऱ्या तलवारीच्या मानाने फार जड आहे हे खरे, आणि युद्धशस्त्र म्हणून तिला नापासच करावे लागेल. परंतु ती एका पिळदार देहाच्या पुराणपुरुषासाठी घडवलेली आहे, आणि त्याच्या हाती हलकी तलवार काडीसारखी दिसली असती. तिच्या पात्याच्या स्वच्छ रेषांत कारागिराने कोठेही हातचे राखलेले नाही. येथे वजन हा दोष नाही. ते त्या कथेचे व्याकरण आहे.

मग ज्या तलवारी कोणाही माणसाला पेलणारच नाहीत, त्यांचे काय? १९९७ मध्ये आलेल्या ‘फायनल फँटसी’ या जपानी खेळाच्या सातव्या भागात क्लाउड नावाचा तरुण जवळजवळ स्वतःएवढे पाते खांद्यावर घेऊन फिरतो. केन्तारो मिउरा (१९६६–२०२१) यांच्या ‘बर्सर्क’ या १९८९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या चित्रकथेतील नायकाचीही तीच तऱ्हा. सहज हिशेब करून पाहू. दीड मीटर लांब, पाव मीटर रुंद आणि आठ मिलिमीटर जाड असे भरीव पोलादी पाते केले, तर त्याचे वजन साडेतेवीस किलोंच्या घरात जाते. म्हणजे मोठ्यातल्या मोठ्या दुहाती तलवारीच्या सहा-सात पट! कॅलिफोर्नियातील टोनी स्वॉटन यांनी क्लाउडची ही तलवार खऱ्या पोलादात उतरवली, त्या अर्थी ही अशक्य कल्पना कारागिराला खुणावते खरी. अशा प्रयोगाचे मोल लढाईत नाही. कागदावर एका रेघेत होणाऱ्या गोष्टीला सृष्टीचे नियम किती किंमत मागतात, हे तो प्रयोग दाखवून देतो. कल्पनेला जडत्वाशी सामना करायला लावणारा कारागीर तिचा अपमान करीत नाही. तिला तिची मर्यादा दाखवतो.

शिवाय केवळ अवाढव्य आकारामुळे एखादी तलवार हास्यास्पद ठरत नाही. जपानमधील किबित्सु देवस्थानाकडे पंधराव्या शतकातील एक तलवार आहे. तिची लांबी ३७७ सेंटिमीटर आणि वजन सुमारे साडेचौदा किलो. नेदरलँड्समधील लेउवार्डनच्या संग्रहालयात पिअर गेर्लोफ्स दोनिया या फ्रिसियन वीराची म्हणून दाखवली जाणारी तलवार दोन मीटरहून लांब आणि साडेसहा किलोंच्या आसपास आहे. युरोपात मिरवणुकीत पुढे धरण्यासाठीच मोठ्या तलवारी केल्या जात. आपल्या देवळांतील संत पौलाच्या पुतळ्याच्या हाती असते तीही तलवारच. ती कोणावर उगारलेली नसते, ती त्याच्या हौतात्म्याची खूण असते. न लढणारी तलवार ही माणसाची जुनीच निर्मिती आहे. मात्र तिच्या आकारामागे काही अर्थ असावा लागतो : अर्पण, मान, स्मरण किंवा कथा. ज्या तलवारीच्या काट्याकुट्यांमागे केवळ भेदरवण्याचा हेतू आहे, ती या परंपरेत बसत नाही.

आणि येथेच हा विषय अभिरुचीच्या दालनातून रस्त्यावर येतो. दातेरी, छिद्रांची, अनेक टोकांची भयानक दिसणारी पाती इंग्लंडमध्ये तरुणांच्या हाणामाऱ्यांत वापरली जाऊ लागली. तेव्हा ‘झॉम्बी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा सुऱ्या व कोयते बाळगण्यास इंग्लंड-वेल्समध्ये २४ सप्टेंबर २०२४ पासून बंदी आली. त्याआधी २००८ मध्ये तेथे ५० सेंटिमीटर व त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींवर निर्बंध आले होते. परंतु पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना त्यातून वगळण्यात आले. कायद्याने, कदाचित नकळत, एक कलासमीक्षाच केली म्हणावयाची! आपल्याकडेही २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. घरकामाच्या वा शेतीच्या हत्यारांची गोष्ट निराळी. तेव्हा परदेशातून अशी भेटवस्तू मागवणाऱ्या हौशी मुलांच्या आईवडिलांनी ती भिंतीवर चढण्यापूर्वी एवढे जाणून घेतलेले बरे.

बंदी हा समीक्षेला पर्याय नव्हे. अद्भुत तलवारीची ओढ ही मुळात हिंसेची ओढ असते, असे मानणे अन्यायाचे होईल. ज्या जे. आर. आर. टॉल्किन यांच्या लेखणीतून आधुनिक काळातील सर्वांत प्रसिद्ध कल्पित तलवारी उतरल्या, ते १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते. चिखल, खंदक आणि जिवलग मित्रांचे मृत्यू त्यांनी अनुभवले होते. श्रद्धेने कॅथलिक असलेल्या या प्राध्यापकाने पुढे तलवारींना नावे दिली, वंशावळी दिल्या. पण युद्धाला मोहक रूप दिले नाही. त्यांच्या कथेचा शेवट तलवारीच्या जोरावर होत नाही. दोन लहानशा जीवांच्या सोशिकपणावर आणि एका पतितावर पूर्वी केलेल्या दयेवर होतो. लायनच्या घडणीत ही समज उतरली आहे, म्हणून ती तलवार पाहताना वार आठवत नाही, वचन आठवते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, कल्पित तलवारीला तीन गोष्टींशी इमान राखावे लागते : धातूशी, कथेशी आणि ती हाती घेणाऱ्या माणसाशी. सॅमसनने पहिल्या दोहोंशी राखले, लायनने तिन्हींशी. स्वॉटनच्या प्रचंड पात्याने कथेशी राखता राखता धातूचा अंत पाहिला, पण कोणाला फसवले नाही. कारखान्यातली काटेरी तलवार मात्र तिन्हींशी बेइमान आहे, मग ती कितीही झगमगो. मूठ उघडून आत पाहावे. तेथे पात्याचेच पोलाद शेवटपर्यंत गेलेले असेल, तर त्या लोहाराने स्वप्न पाहताना आपला धर्म सोडला नाही असे खुशाल समजावे.